टप म्हणजे मेंढा

मे महिन्यातली रणरणती दुपार होती आणि वरच्या मजल्यावरची दहा वर्षांची मुलगी आमच्या हॉलच्या फरशीवर पालथी पडून माझ्याशी स्क्रॅबल खेळत होती, म्हणजे बोर्डाच्या घरांत इंग्रजी अक्षरं लावून शब्द करायचे आणि अक्षरांचे गुण मोजायचे, तो खेळ. तिचे आईबाबा कामावर, आजीची दुपारची झोप ठरलेली आणि आमचा पंखा त्यांच्यापेक्षा जोरात फिरतो, एवढ्या कारणांवर ती सुट्टीभर आमच्याकडे मुक्कामाला असते. (तिचं नाव लिहीत नाही. तिच्या परवानगीशिवाय लिहिलं तर ती माझ्याशी खेळणार नाही.) तिने पहिला शब्द उभा लावला, मॅट. मधल्या घरावरून गेला म्हणून दुप्पट, १० गुण. मी त्या मॅटचा ए धरून आडवी टॅक्सी काढली. एक्स नेमका दुपटीच्या घरात बसला, टी पण बसला, २० गुण झाले. खूश होऊन मी आंब्याची एक फोड तोंडात टाकली आणि कोय तिच्याकडे सरकवली.

तिने कोय चोखत माझ्या टॅक्सीच्या शेवटच्या आयकडे बराच वेळ पाहिलं. मग हात फ्रॉकला पुसून त्या आयच्या डोक्यावर क्यू ठेवला आणि क्यूच्या उजवीकडे आणखी एक आय. झालं, दोनच अक्षरं. वरून खाली वाचा, क्यू आय. डावीकडून उजवीकडे वाचा, तरी क्यू आय. क्यू तिपटीच्या घरात, आणि दोन्ही शब्दांत तो धरायचा. ‘सिक्स्टी टू,’ असं म्हणून तिने माझ्या हातातली पेन्सिल घेऊन आकडा स्वतःच लिहिला, कारण मी लिहीत नव्हते.

‘हा काय शब्द झाला?’

‘ची.’

‘ची? म्हणजे?’

‘म्हणजे व्हॅलिड आहे. फोनमध्ये बघा हवं तर.’

‘अगं, पण म्हणजे काय?’

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी बसमध्ये चढून कंडक्टरला बसचं लग्न कुणाशी झालंय असं विचारलं असावं. ‘मीनिंग लागत नाही, काकू,’ ती म्हणाली, ‘वर्ड लागतो.’

मी हरले. किती गुणांनी ते महत्त्वाचं नाही (१४१). पण ते ‘मीनिंग लागत नाही’ माझ्या डोक्यातून रात्रीपर्यंत गेलं नाही. भांडी लावताना, दूध विरजताना, गच्चीवरचे कपडे घडी करताना ते परत परत वर येत होतं. एवढं लागण्यासारखं तिने काही म्हटलं नव्हतं. तिचं बरोबरच होतं, खेळाचा नियमच तसा आहे. मग मला राग कशाचा आला होता?

माझं इंग्रजी सुरूच झालं ते ‘म्हणजे’पासून.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं. पहिलीपासून इंग्रजी हे २००० सालापासूनचं प्रकरण. १९७७ च्या जूनमध्ये आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या वर्गात नवीन चाररेघी वह्या आल्या, त्यांच्या कोऱ्या कागदाचा आणि आमच्या ओल्या दप्तरांचा मिळून एक वास वर्गात कोंडलेला असायचा. गुरुजी फळ्यावर तीन अक्षरं काढायचे आणि आम्ही पन्नास पोरं एका सुरात ओरडायचो: सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. एम ए टी मॅट, मॅट म्हणजे चटई. आमच्या तोंडून ते क्याट, र्‍याट, म्याट असं यायचं, आणि गुरुजींच्या तोंडूनही तसंच यायचं, त्यामुळे कुणाला काही खटकत नव्हतं. पाढ्यांची चाल होती ती. बे एके बे, बे दुणे चार, आणि त्याच ठेक्यात कॅट म्हणजे मांजर. शेवटची दोन अक्षरं तीच ठेवायची, पहिलं बदलत जायचं, की नवा प्राणी, नवी वस्तू. बॅट, फॅट, हॅट. मग पेन, हेन, डेन. एक अक्षर बदललं की कोंबडीची गुहा होते, हे मला त्या वयात जादूसारखं वाटायचं. आमच्या गावात हॅट कुणी घालत नव्हतं आणि गुहेत कुणी गेलं नव्हतं, पण ‘म्हणजे’ होतं, त्याच्या पलीकडे एक ओळखीचा शब्द बसलेला असायचा आणि तो हात धरून ओढून घ्यायचा.

ओ एक्स ऑक्स, ऑक्स म्हणजे बैल. हा दोनच अक्षरांचा होता म्हणून आमचा लाडका. वर्गाच्या खिडकीतून समोरच्या वाड्याचे दोन ऑक्स कायम दिसायचे, कडब्यात तोंड घालून उभे, शेपटीने माश्या वारत. आम्ही ऑक्स म्हणून ओरडलो की त्यांतला एक मान वर करायचा. अर्थात तो पन्नास पोरांच्या आवाजाने करायचा, पण आम्हाला वाटायचं त्याला इंग्रजी कळतं. त्यानंतरच्या आख्ख्या आयुष्यात, म्हणजे नोकरीची चौतीस वर्षं धरून, मला ऑक्स हा शब्द एकदाही वापरावा लागला नाही. स्क्रॅबलमध्ये त्याचे ९ गुण मिळतात.

‘म्हणजे’वर माझा इतका विश्वास होता, की इंग्रजी येणं म्हणजे प्रत्येक शब्दाचं ‘म्हणजे’ माहीत असणं, असं मी बी. कॉम. होईपर्यंत धरून चालले होते. पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी हसून विचारलं, ‘हाउ डू यू डू?’ हाउ म्हणजे कसे. डू म्हणजे करणे. यू म्हणजे तुम्ही. चारही शब्दांचे अर्थ मला पक्के ठाऊक होते, आणि ते जोडून मी ठामपणे उत्तर दिलं, ‘आय डू टायपिंग, सर.’ ते गृहस्थ सज्जन होते, हसले नाहीत. ‘व्हेरी गुड’ म्हणाले. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की पहिल्याच उत्तराला व्हेरी गुड मिळालं. काय झालं होतं ते मला तब्बल दोन वर्षांनी कळलं, तेसुद्धा दुपारच्या डब्याच्या वेळी, दुसरंच कुणीतरी दुसऱ्याच कुणाला हाउ डू यू डू म्हणालं तेव्हा. घास तोंडातच राहिला.

वरच्या मजल्यावरच्या मुलीला कॅट म्हणजे मांजर असं कुणी शिकवलेलं नाही. तिला कॅट म्हणजे कॅटच. उलट एकदा मी ‘बोका’ म्हटलं तेव्हा तिने विचारलं होतं, बोका म्हणजे कॅटच ना? तिच्या इंग्रजीला मधला पूल लागत नाही, ती थेट पलीकडेच राहते. त्यामुळे क्यू आय हा शब्द अर्थाविना तिच्या डोक्यात नुसता राहू शकतो, एखाद्या कवडीसारखा. माझ्या डोक्यात राहूच शकत नाही. त्या रात्री म्हणून मी चष्मा लावून फोनवर दोनअक्षरी शब्दांची यादी काढली. मोठ्या स्पर्धांमध्ये जो इंग्रजी शब्दसंग्रह चालतो, त्यात २०१९ पासून असे १२७ शब्द आहेत. म्हटलं, एकेकाचं ‘म्हणजे’ शोधून काढायचं.

क्यू आय, उच्चार ची: चिनी विचारात शरीरातून वाहणारी प्राणशक्ती. म्हणजे आपला प्राणच म्हणा ना, नाकपुडी दाबून प्राणायाम करतो त्यातला. बासष्ट गुणांना प्राण विकला की पोरीने! झेड ए, झा: पिझ्झाचं अमेरिकन पोरांनी केलेलं आखूड नाव. हे दोन्ही शब्द अमेरिकेच्या यादीत २००६ मध्ये आले, आणि ज्यांचा क्यू हातात कुजत पडायचा त्यांनी तेव्हा पेढे वाटले असणार. ए ए, आआ: हवाई बेटांवरचा खडबडीत, काटेरी लाव्हा. त्यावरून अनवाणी चाललं तर तोंडातून हाच शब्द येईल, अर्थ पाठ करायची गरज नाही. झेड ओ: याक आणि गाय यांचं मिश्र वासरू. ए आय: दक्षिण अमेरिकेतला तीन नखांचा, झाडाला लटकून राहणारा आळशी प्राणी. मी ते ‘आई’ असं वाचलं आणि क्षणभर दुखावले. आणि माझा सगळ्यात आवडता ओ ई. ब्रिटिश कोशात त्याचा अर्थ नातवंड, स्कॉटलंडकडचा. अमेरिकन खेळाडूंच्या कोशात त्याचाच अर्थ फेरो बेटांजवळ उठणारी वावटळ. आमच्या पलंगावर सुट्टीत दोन दिवस उड्या मारून गेलेल्या नातवाला आठवून मी ठरवलं की दोन कोशांत काहीही मतभेद नाहीत.

व्ही असलेला दोनअक्षरी शब्द मात्र एकही नाही. व वाचून आमचं ‘आणि’सुद्धा अडतं.

साडेअकराच्या सुमारास डोळे जड झाले आणि यादी वेगळीच दिसायला लागली. म्हणजे मी ती इंग्रजी म्हणून वाचायची बंद झाले. एच ए हा, एच आय ही, एच ई हे. टी ओ तो, टी आय ती, टी ई ते. एम आय मी. एन ए ना, एन ई ने, डी ई दे, वाय ई ये, वाय ए या, आर ई रे, एच ओ हो, के ए का. बी ए बा. सगळे चालतात! यादीतला ‘का’ म्हणजे प्राचीन इजिप्तमध्ये माणसाच्या आत राहणारं त्याचं दुसरं रूप, ‘बा’ म्हणजे तिथलाच आत्मा, ‘ती’ आणि ‘मी’ हे पाश्चात्य संगीतातले स्वर, ‘ने’ म्हणजे पुरुषाचं जन्मावेळचं नाव सांगताना वापरायचा फ्रेंच शब्द, ‘ना’ म्हणजे स्कॉटिश नाही. स्कॉटिश ना आणि आपला ना दोन्ही नकारच, याचा मला विनाकारण आनंद झाला. मी उठून बसले आणि वीजबिलाच्या पाठीवर दोन माणसांचं आख्खं बोलणं लिहून काढलं, सगळं नियमात बसणारं: ‘ये ना.’ ‘का?’ ‘ये रे.’ ‘ना.’ ‘दे ना.’ ‘हे?’ ‘हो, हे.’ नवरा कुशीवर वळून म्हणाला, ‘कुणाशी बोलतेयस?’ मी म्हटलं, ‘इंग्रजीचा अभ्यास करतेय.’

तीन अक्षरांत गेले तर आणखी मजा. टी यू पी, तूप. आहे यादीत! मी हरखून पुढे वाचलं तर अर्थ दिलेला, मेंढा, नर मेंढरू. टप असा उच्चार. आपलं तूप हवं असेल तर जी एच आय किंवा जी एच डबल ई लिहायचं. म्हणजे गुरुजींच्या चालीत सांगायचं तर टी यू पी टप, टप म्हणजे मेंढा. जी एच आय घी, घी म्हणजे तूप. घी देखा लेकिन तूप नहीं देखा, असं आम्ही ज्याच्यावर हसायचो तो शेवटी इंग्रजांच्या कोशातच निघाला. डाळ तिथे तीन-तीन तऱ्हांनी शिजते: डी ए एल, डी ए एच एल, आणि डी एच ए एल. यातली तिसरी वाचली की मला वरण दिसतच नाही, गेंड्याच्या कातड्याची ढाल दिसते. आपण ध एका फटक्यात लिहितो, ढ लिहितो, घ लिहितो. इंग्रजीला प्रत्येक वेळी एच पाठवावा लागतो आणि स्क्रॅबलच्या पिशवीत एच आहेत अवघे दोन. धोबी, ढोल, घाट, भांग, खादी, सगळ्यांनी त्या दोन एचवर भागवायचं. सार्वजनिक नळासारखं आहे ते.

पण रात्रीचा एक वाजवला तो क्यूने. ज्या क्यूनंतर यू येत नाही असे शब्द मी शोधत गेले, कारण पुन्हा क्यू तिच्या हाती लागला तर माझ्याकडे काहीतरी हवं. क्यू ए डी आय, काझी. एफ ए क्यू आय आर, फकीर. बुरखा, तलाक, सगळे क्यू घेऊन आलेले. हे परके शब्द नव्हतेच. अरबीत घशाच्या अगदी तळातून काढायचा एक क आहे, त्याला रोमन लिपीत क्यू देतात आणि मागे यू लावत नाहीत. तोच खोल क फारसीच्या वाटेने मराठीत आला, आणि आपण त्याला घशातून वर काढून साध्या कमळाच्या कच्या शेजारी बसवला, खाली टिंबसुद्धा ठेवलं नाही. कलम, कायदा, किल्ला, कसबा, किस्सा, हक्क, फरक, अक्कल, नक्कल. अगदी तगादासुद्धा, त्यात तर कचा ग झालाय. आमच्याकडे सासऱ्यांचा मोल्सवर्थ आहे, म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ च्या आवृत्तीची पुढे कधीतरी छापलेली जाडजूड प्रत, पाठीला खाकी पट्टी चिकटवलेली. तो काढून बसले. मोल्सवर्थसाहेब शब्दापुढे कंसात एकच इंग्रजी अक्षर टाकतात, अरबीला ए, फारसीला पी, संस्कृतला एस. कलम, कंसात ए. कायदा, कंसात ए. जन्मापासून मराठी बोलतेय आणि तोंडात इतके क्यू आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. यू नसलेले.

त्यातच क्यू ए टी सापडला, कात. येमेनमध्ये एका झुडपाची पानं चघळतात, थोडी गुंगी, थोडी तरतरी आणतात, ती पानं. पानात खायच्या आपल्या काताशी याचा संबंध नाही, तो वेगळा. या क्यू ए टीचं दुसरं स्पेलिंग दिलं होतं, के एच ए टी. मी ते पाहत राहिले, कारण कुणीही मराठी माणूस ते खाट असंच वाचेल. मग सहज, खरंच सहज, इंग्रजांकडे आपली खाट गेली का ते पाहिलं. तर गेली होती. सतराव्या शतकातच गेली. हिंदी खाट, संस्कृत खट्वा, आणि इंग्रजीत सी ओ टी, कॉट.

सी ओ टी कॉट, कॉट म्हणजे खाट.

हे मी पाचवीत पाठ केलं होतं. डी ओ टी डॉट, एच ओ टी हॉट, पी ओ टी पॉट, सी ओ टी कॉट. गुरुजींनी फळ्यावर काढलेली कॉट मला आठवते, चार पाय आणि मध्ये जाळी, खडूचा चौकोन. आमच्या घरी अंगणात आजोबांची सुंभाची खाट होती. तिच्या सुंभाचे ठसे गालावर उमटायचे, उन्हाळ्यात ढेकूण झाले की तिच्यावर उकळतं पाणी ओतून ती उन्हात उभी करायचे. मी शाळेतून येऊन आजोबांना मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, ‘तात्या, याला इंग्रजीत कॉट म्हणतात.’ ते म्हणाले, ‘म्हणू देत बापडे.’ पुढे चार वर्षांनी वडिलांनी साताऱ्याहून लोखंडी पलंग आणला, निळा रंग दिलेला, पत्र्याच्या पट्ट्यांचा, वळलं की करकर वाजणारा. त्याला घरात सगळे कॉट म्हणायला लागले. सुंभाची ती खाट, लोखंडाची ती कॉट. आजोबा गेल्यावर खाट मोडून तिचे पाय बंबात घातले. आज आमच्याकडे कुणीही, मी धरून, खाट म्हणत नाही, हिंदी सिनेमातला खटिया तेवढा उरलाय. कॉटवर बस, कॉटखाली बघ, कॉट सरकव. म्हणजे आमचाच शब्द कोट घालून परत आला, आम्ही त्याला पाहुणा समजून आत घेतलं आणि ज्याची जागा होती त्याला बंबात घातलं. गुरुजींनी मला खाटेचा अर्थ खाट असा शिकवला होता आणि तो मी पन्नासातल्या पन्नासांबरोबर ओरडून पाठ केला होता. हसावं की काय करावं ते कळेना. एक वाजून गेला होता, त्यामुळे कॉटवर जाऊन झोपले.

हा खेळ काढणारा माणूसही अर्थाच्या वाटेला गेला नव्हता. आल्फ्रेड बट्स, अमेरिकेतला आर्किटेक्ट, मंदीत नोकरी गेलेली. बसल्या बसल्या त्याने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानांवरची अक्षरं मोजली, ई किती वेळा येतो, क्यू किती वेळा, आणि त्यावरून कुठल्या अक्षराचे किती तुकडे ठेवायचे आणि किती गुण द्यायचे ते ठरवलं. ई १२, एस मुद्दाम चारच, नाहीतर लोक अनेकवचनं करत सुटतील, क्यू एकच, १० गुणांचा. त्या बातम्यांमध्ये बँका बुडाल्याचं असेल, कुणाकुणाच्या नोकऱ्या गेल्याचं असेल, त्याची स्वतःचीही गेली होती. आणि हा बाबा बातमी न वाचता अक्षरं मोजत बसला. त्याची मला कीवही येते आणि हेवाही वाटतो. स्क्रॅबल हे नाव खेळाला १९४८ मध्ये मिळालं, तेही दुसऱ्याने दिलेलं.

आणि मग नायजेल रिचर्ड्स. न्यूझीलंडचा, लांब दाढीचा, फारसा न बोलणारा. २००७ ची स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली होती, ती यानेच जिंकली. मी त्या वर्षी रोज मुंबईला जा-ये करत होते आणि मला तिचा पत्ताही नव्हता. पण त्याची खरी करामत २०१५ ची. फ्रेंच बोलता येत नसताना त्याने फ्रेंच शब्दांची यादी काही आठवड्यांत पाठ केली आणि फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद घेऊन आला. २०२४ मध्ये तेच स्पॅनिशमध्ये, ग्रॅनाडाला. समोरचा फ्रेंच माणूस ज्या शब्दात आयुष्यभर प्रेम करत, भांडत, पाव विकत घेत आलाय, तो शब्द या माणसाला नुसता दिसतो, अक्षरांची एक नक्षी म्हणून. आणि तो त्या फ्रेंच माणसाला हरवतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जरा भयंकरच वाटलं होतं. आता वाटतं, आपल्याकडे घनपाठी वैदिक होतेच की, अर्थाकडे न जाता ऋचा उलटसुलट म्हणून दाखवणारे. त्यांनी तशी जपली म्हणून ती टिकली. माझी आजी ‘विष्णुसहस्रनाम’ म्हणायची, रोज, शेंगा सोलत. त्यातल्या नऊशे नावांचा अर्थ तिला विचारला असता तर तिनेही मला ‘मीनिंग लागत नाही’ असंच काहीतरी सुनावलं असतं, फक्त शेंगेचं टरफल फेकून.

तरीही माझं मन पूर्ण मानत नाही. ज्याला क्यू आय म्हणजे प्राण हे ठाऊक आहे त्याला एक गुण जास्त मिळायला हवा, असं मला आतून वाटत राहतं. एकच. हे मी तिला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, ‘मग तुम्ही हरलाच असता ना, वन फॉर्टीने.’

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. मी तिला वीजबिलाची पाठ दाखवली, माझं मध्यरात्रीचं नाटक. तिने बोट ठेवून ते इंग्रजी अक्षरांतून वाचलं, आधी इंग्रजीसारखं, मग ओठ हलवत मराठीसारखं. ‘ये ना. का? ये रे.’ हसली नाही. ‘हे चीटिंग आहे,’ म्हणाली, ‘वर्ड इंग्लिश पाहिजे.’ मी म्हटलं, ‘इंग्लिशच आहेत, व्हॅलिड आहेत, फोनमध्ये बघ.’ यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि उत्तर नसलं की ती अक्षरांची पिशवी जोरात हलवते. तिला खाटेची गोष्टही सांगितली. तिने विचारलं, सुंभ म्हणजे काय? ते मला दोरी म्हणून सांगावं लागलं, आणि काथ्या म्हणजे काय हे नारळ फोडेपर्यंत राहू दे म्हटलं.

खेळ तसा रटाळ चालला होता. क्यू अजून पिशवीत होता, दोघी त्याच्याच वाटेवर. माझ्याकडे नुसते स्वर साचले होते, बोर्डाच्या कोपऱ्यात जागा पाहून मी एच ओ लावलं, हो, पाच गुण, आणि ओशाळून तुपाच्या बेसन लाडवांचा डबा उघडला. तिने लाडू डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने पट्टीवरची अक्षरं पुढेमागे केली आणि माझ्या ‘हो’च्या खालच्या बाजूला, एक घर सोडून, वरून येणाऱ्या एका शब्दाच्या ए ला चिकटवून के ठेवला. के ए.

‘म्हणजे?’ मी विचारलं. सवयीनेच. इजिप्तचं उत्तर मी जिभेवर तयार ठेवलं होतं.

तिने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडात लाडू होता.

‘का म्हणजे व्हाय,’ ती म्हणाली, ‘सिक्स पॉइंट्स. लिहा.’